धाकधूक आणि घोर

चांगला ताण आणि वाईट ताण यावर लिहायचं लिहायचं म्हणून सहा महिने राहून जातंय, आज १ मेची सुट्टी आहे आणि घरात कोणी नाही, तर बसलेच शेवटी. मी बँकेत आहे, एकोणीस वर्षं झाली. त्यातली जवळपास तीन वर्षं ब्रँच मॅनेजर म्हणून एका तालुक्याच्या गावी आहे, घरापासून बावीस किलोमीटर, स्कूटीने जाऊन येऊन. जे लिहितेय ते या तीन वर्षांतलं आहे.

आपल्याकडे सगळ्यालाच टेन्शन म्हणतात. गॅस संपला टेन्शन, पोराचा रिझल्ट टेन्शन, बायपास आहे तरी टेन्शनच. पण माझी आज्जी हा शब्द वापरायची नाही, तिच्याकडे वेगवेगळे शब्द होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी मला जे व्हायचं ती धाकधूक. मामा गावाहून निघालाय आणि एसटी अजून आली नाही, ती काळजी. आणि शेजारच्या काकूंचा मुलगा पैसे घेऊन कुठे गेला ते कळेना, तेव्हा आज्जी म्हणाली होती, काकूच्या जिवाला घोर लागलाय गं, बाई वाळत चालली. धाकधूक होते, घोर लागतो. धाकधूक होते आणि जाते, घोर मात्र कीड लागावी तसा लागतो आणि आतून खातो. मला हा फरक लहानपणापासून ऐकून माहीत होता, पण स्वतःवर आला तेव्हा ओळखायला दहा महिने लागले.

आधी चांगला ताण कसा असतो ते सांगते, कारण तो मी भरपूर अनुभवलाय आणि मला तो आवडतो, खरंच आवडतो.

मॅनेजर झाल्यावरचा पहिला मार्च. ज्यांच्या घरात कोणी बँकेत आहे त्यांना ईयर एंडिंग काय असतं ते माहीत असेल. पीक कर्जाचं नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून नवं घ्यायचं, ते करायला सकाळी शटर उघडायच्या आधी पायरीवर लोक बसलेले, सवलतीची तारीख चुकू नये म्हणून कोणी पाहुण्याकडून हातउसने आणलेले पैसे पिशवीत घेऊन आलेला, एनपीएची, म्हणजे थकलेल्या कर्जांची यादी समोर, वसुलीला गाडी घेऊन वाडीवस्तीवर जायचं, परत येऊन व्हाउचर, त्यात ऑडिटर येऊन बसलेले. शेवटचा आठवडा रोज रात्री साडेनऊ-दहा व्हायचे. छातीत धडधड असायची, हातपाय गरम, पण डोकं असं स्वच्छ चालायचं की एकेका खातेदाराचा नंबर मला तोंडपाठ आठवायचा. भूक तर अशी लागायची की रात्री नऊला शिपाईमामा वडापाव घेऊन आले की आम्ही काउंटरवर उभ्यानेच खायचो आणि हसायचो. ३१ला रात्री सगळं टॅली झालं, १ एप्रिलला बँक लोकांसाठी बंद आणि आम्ही आत राहिलेलं निस्तरत, आणि २ तारखेला मी दुपारी जेवून जी झोपले ती संध्याकाळी सहाला उठले. अंगातून काहीतरी उतरून गेल्यासारखं वाटलं होतं. हा "उतरून गेल्यासारखं" शब्द लक्षात ठेवा, मला पुढे सगळं यावरच सांगायचंय.

आता दुसरं वर्ष. नेमकं काय झालं ते एका वाक्यात सांगता येत नाही, कारण एक मोठं काही झालंच नाही. दोन क्लार्क बदली होऊन गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. टार्गेट वाढलं. रोज संध्याकाळी साडेसहाला व्हीसी, म्हणजे वरच्या ऑफिसची व्हिडिओवरची मीटिंग, सुरू झाली, त्यात प्रत्येक ब्रँचचा आकडा वाचून दाखवायचा आणि आकडा कमी असेल तर सगळ्यांसमोर ऐकून घ्यायचं. इन्शुरन्स किती विकला हे विचारायला रात्री दहाला व्हॉट्सअॅपवर मेसेज यायचा. ज्या गावात द्राक्ष अवकाळीने गेलीत त्या गावात मी पॉलिसी कुणाच्या गळ्यात घालू, हे मी एकदा विचारलं तर उत्तर आलं की कारणं नकोत, आकडा सांगा. म्हणजे काम वाढलं हे एक, पण जे काम वाढलं ते माझ्या हातात नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

यावर पुढे वाचताना रॉबर्ट कारासेक नावाच्या अमेरिकन संशोधकाचं १९७९ मधलं एक मांडणं सापडलं आणि मला ते वाचून रडू आलं, कारण कोणीतरी माझंच वर्ष लिहून ठेवलं होतं. तो म्हणतो की कामाचा बोजा एकटा माणसाला पाडत नाही, बोजा जास्त आणि त्या कामावर स्वतःचा ताबा कमी, ही जोडी पाडते. बोजा जास्त आणि ताबाही जास्त असेल तर माणूस उलट शिकतो, वाढतो. माझा पहिला मार्च आणि दुसरं वर्ष यातला फरक अगदी हाच होता. पहिल्या मार्चमध्ये कोणाकडे वसुलीला आधी जायचं, कोणाला काय समजवायचं, हे मी ठरवत होते.

तर मला काय काय व्हायला लागलं ते जसं आलं तसं सांगते, क्रम लावत नाही, कारण तेव्हाही क्रम कळत नव्हता.

पहाटे साडेतीनला जाग. रोज. अलार्म लावल्यासारखी. जाग आली की पहिला विचार आकड्याचा, मग झोप नाही. मला वाटलं चाळिशी उलटली, वयामुळे असेल. दात आवळून धरायची सवय लागली, कानाच्या खाली दुखायचं, डेंटिस्टकडे गेले तर ते म्हणाले झोपेत दातावर दात घासताय. पाळी कधी वीस दिवसांनी कधी पन्नास. सर्दी जाईना, एक गेली की दुसरी. तिजोरीच्या दोन किल्ल्या असतात, एक माझ्याकडे आणि एक हेड कॅशियरकडे, दोघं असल्याशिवाय ती उघडतही नाही आणि बंदही नीट होत नाही, हे मला पक्कं माहीत असून एका संध्याकाळी मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरून अकरा किलोमीटर मागे गेले, बंद आहे का बघायला. बंदच होती. पुढच्या आठवड्यात परत तेच केलं.

मुलावर पेन सापडत नाही म्हणून ओरडले, आणि असं ओरडले की तो काही बोललाच नाही, नुसता बघत राहिला. ज्या आज्जीबाई पेन्शनला येतात, गेली दोन वर्षं माझ्याशी गप्पा मारतात, त्यांचं नाव समोर बसल्यावर आठवेना. आणि रविवार. आधी रविवार दुपारपर्यंत तरी रविवार असायचा, मग शनिवारी रात्रीच सोमवार सुरू व्हायला लागला.

यातलं एकेक वेगळं बघितलं तर काहीच नाही. प्रत्येकाला मी एकेक कारण लावून दिलं होतं. वय, हार्मोन, हवा, मुलाची दहावी. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे मी मोजमाप काय लावत होते, तर काम होतंय ना. रजा नाही घेतली, व्हीसी चुकवली नाही, डबा करून निघते, म्हणजे मी ठीक आहे. काम होत राहणं हा बरं असल्याचा पुरावा नाही हो. घोर लागलेली माणसं कामं करतच असतात, शेजारच्या काकूही रोज भाकऱ्या थापतच होत्या.

पहिल्यांदा ओळखलं आमच्या शिपाईमामांनी. जानेवारीत एक दिवस टेबल पुसताना म्हणाले, मॅडम रागावू नका पण तुम्ही महिनाभर डबा तसाच घरी नेता. मी म्हटलं मामा कामात राहतं हो. ते म्हणाले, काम तर मागच्या मार्चलाही होतं, तेव्हा माझ्या डब्यातलीपण भाकरी खायचात तुम्ही. एवढं बोलून ते फडकं घेऊन गेले.

पुढची गोष्ट लिहू की नको हे मी बराच वेळ ठरवत होते. फेब्रुवारीत स्कूटीवरून जाताना एका वळणावर मला वाटलं की इथे जरा घसरून पडावं. मोठं काही नको, नुसता पाय मोडावा, प्लास्टर बसावं, म्हणजे महिनाभर मला कोणी काही विचारणार नाही. हा विचार येऊन गेला आणि मला तो भयंकर वाटलाच नाही, मला त्याने बरं वाटलं, थंडगार सावलीत गेल्यासारखं. तेच जास्त भीतीदायक आहे हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तुमच्यापैकी कोणाला असं वाटत असेल, पडावं, आजारी पडावं, अॅडमिट व्हावं म्हणजे सुटका होईल, तर कृपा करून हा विचार कोणाजवळ तरी बोला, त्याच आठवड्यात बोला. मी बोलले नाही, मी ब्रँचमध्ये जाऊन नेहमीसारखी कॅश उघडली.

त्याच मार्चमध्ये घरात दुसरा एक ताण चालू होता, मुलाच्या दहावीचा, आणि आता मागे वळून बघते तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्यासारखे दिसतात. गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी त्याचे हात गार, दोनदा संडासला जाऊन आला, कंपास चारदा उघडून बघितली. पेपर देऊन आला तो तीन पोळ्या खाल्ल्या, दोन तास झोपला आणि उठून मित्रांबरोबर क्रिकेट बघत बसला. दुसऱ्या दिवशी परत अभ्यासाला. त्याचा ताण माझ्यापेक्षा कमी होता असं नाही, त्या सकाळी तर माझ्यापेक्षा जास्तच असेल. पण त्याचा चढला आणि उतरला. माझा ३१ मार्च झाला, टॅली झालं, १ एप्रिल गेला, २ तारखेला सुट्टी काढून झोपायचं ठरवलं आणि साडेतीनला जाग आली. उतरलाच नाही. त्या पहाटे मी स्वयंपाकघरात दिवा न लावता बसले आणि मला आज्जीचा शब्द आठवला. नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला अगं मला दिवाळीपासून दिसतंय, विचारलं की तू चिडतेस म्हणून गप्प होतो.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी बीपी बघितलं, १५०/९६. आधी कधीच नव्हतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, ईसीजी सगळं करून घेतलं आणि ते बरोबरच होतं, कारण थकवा आणि धडधड शरीराच्या दुखण्यानेही होते, ते आधी बघायलाच हवं. रिपोर्ट ठीक आले, बी-१२ थोडं कमी होतं. मग त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मला वाटलं होतं ते विचारतील कामाचा लोड किती. त्यांनी विचारलं, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कसं वाटतं? पहिल्या दिवशी सगळे थकलेलेच असतात म्हणाले, दुसऱ्या दिवशी काय होतं ते सांगा. मग विचारलं, शेवटचं मनापासून कधी हसलात, आणि भूक लागते म्हणून जेवता की वेळ झाली म्हणून? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही.

त्यांनी जे समजावलं आणि मग मी जे वाचत गेले ते थोडक्यात सांगते. धोका दिसला की मेंदू मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींना निरोप देतो, तिथून आधी अॅड्रेनलिन आणि मग कॉर्टिसोल येतं, साखर रक्तात येते, हृदय जोरात चालतं, पोट मात्र काम थांबवतं, कारण पळायचं असताना पचवायचं काय. हे सगळं चांगलंच आहे, याच जोरावर माझा पहिला मार्च गेला. कॉर्टिसोल रोज पहाटे वाढायला लागतं, शरीराला दिवसासाठी तयार करतं, आणि रात्री ते खाली यायला हवं. ही यंत्रणा तात्पुरती वापरायला आहे. ती महिनोन्महिने चालू राहिली की त्याच गोष्टी उलट्या फिरतात, बीपी वर राहतं, झोप उडते, प्रतिकारशक्ती खाली येते.

हान्स सेलिए म्हणून एक शास्त्रज्ञ होऊन गेले, जन्म व्हिएन्नाचा, काम कॅनडातल्या मॉन्ट्रियलला. त्यांनी १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांत बघितलं की थंडी द्या, जखम करा, विषारी औषध द्या, कारण कुठलंही असो, सतत मारा झाला की शरीरात तेच तीन बदल दिसतात, त्या ग्रंथी सुजतात, प्रतिकारशक्तीसाठी लागणारी थायमस ही ग्रंथी आक्रसते आणि पोटात व्रण होतात. मला त्यातलं "कारण कुठलंही असो" हे महत्त्वाचं वाटलं. मी सारखी म्हणायचे की माझ्याकडे कारणच काय आहे, पगार आहे, घर आहे, नवरा चांगला आहे, लोकांकडे बघा. आमच्या पायरीवर बसलेल्या शेतकऱ्याच्या तुलनेत माझं काय दुःख. पण शरीर तुलना करत नाही, ते मारा किती दिवस चाललाय एवढंच बघतं. पुढे त्याच सेलिएंनी चांगल्या आणि वाईट ताणाला दोन वेगळी नावं दिली, आज्जीने दिली होती तशी.

आणि सर्दीचं सांगते, कारण मला कोणी विश्वास ठेवेल असं वाटत नव्हतं. १९९८ मध्ये अमेरिकेत डेंटलच्या अकरा विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला. त्यांच्या टाळूवर एक बारीकशी जखम केली, एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला, प्रत्येकाला. तीच पोरं, तेवढीच जखम. संख्या लहान आहे हे मान्य, पण मला त्यातून माझी न जाणारी सर्दी दिसली.

अजून एक गोष्ट, पालकांसाठी खास. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांना विजेचे झटके देऊन शिकवायचा प्रयोग केला होता. काम सोपं असेल तर झटका जोराचा असला तरी ते शिकतात, काम अवघड असेल तर जोराच्या झटक्याने शिकणं बिघडतं, हलका झटका चांगला. आपण नेमकं उलटं करतो, विषय जितका अवघड तितकं पोराला जास्त धाकात ठेवतो. व्हीसीमध्येही तेच चालतं.

मी काय केलं, तर नोकरी सोडली नाही. सोडावी का हे डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले अशा अवस्थेत मोठे निर्णय घेऊ नका, आधी झोप परत आणू. पाच महिने एक गोळी घेतली, त्यांच्या सांगण्याने सुरू केली आणि त्यांच्या सांगण्यानेच हळूहळू कमी करत बंद केली, त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही, बीपीची गोळी घेतोच की. पंधरा दिवस रजा घेतली, पहिल्यांदाच आजाराचं खरं कारण अर्जात लिहून. समुपदेशक ताईंकडे दर शनिवारी जायचे, त्यांनी एक वही करायला लावली, डाव्या पानावर माझ्या हातातलं आणि उजव्या पानावर हातात नसलेलं. पहिल्या आठवड्यात उजवं पान भरून पुरवणी जोडावी लागली. पण डाव्या पानावर एक ओळ आली, वरच्या ऑफिसला स्टाफसाठी लेखी पत्र देणं. तोपर्यंत मी फोनवर तोंडी सांगत होते. चार पत्रांनंतर एक क्लार्क मिळाला. एकच, दोन गेले होते. रात्री नऊनंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, पहिले दोन आठवडे हात शिवशिवायचे आणि कोणाचं काही अडलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा तास चालणं, बरोबर कोणी नाही, कानात काही नाही.

एवढं मात्र स्पष्ट लिहिते की चालणं आणि वही यांनी आकडा कमी झाला नाही. माणसं कमी असताना माणसांनाच ध्यान करायला सांगणं मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने माणूस आतून पार थकून जाण्याची, व्याख्या केली तेव्हा ते कामाच्या जागेच्या ताणातून येतं, जो नीट हाताळला गेलेला नाही, असंच लिहिलंय. म्हणजे कामाची जागाही काहीतरी देणं लागते. मी पत्रं लिहीतच राहणार आहे.

कोणाला डॉक्टरकडे जायचा धीर होत नसेल किंवा गावात सोय नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणाऱ्या सेवेचा नंबर आहे, केंद्र सरकारचा, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाला, फुकट आहे, चोवीस तास आणि मराठीत बोलता येतं. सलग दोन आठवडे मन उदास आहे, कशात रस नाही, झोप-भूक गेलीय, तर थांबू नका. आणि सगळं संपवावं असं मनात आलं तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच क्षणी फोन करा, घरातल्याला उठवा. मी नवऱ्याला पहाटे चारला उठवलं होतं, तो अजिबात चिडला नाही.

यंदाचा मार्च झाला. धाकधूक होती, शेवटचे चार दिवस तर भरपूर. ३१ला रात्री पावणेदहाला टॅली झालं, मामांनी वडापाव आणले, मी दोन खाल्ले. २ तारखेला दुपारी झोपले, पहिल्या वर्षासारखं सहापर्यंत नाही, पण साडेचारपर्यंत झोपले. व्हीसी अजून चालू आहे, साडेसहालाच. वळण रोज लागतं, आता तिथे काही वाटत नाही. बीपी परवा १२८/८४ होतं, जूनमध्ये परत दाखवायला बोलावलंय आणि मी जाणार आहे. एप्रिलमध्ये पहाटेची जाग तीनदा आली, वहीत तारखा लिहून ठेवल्यात.